पाठीमागचा लोड

मोटारीच्या ब्रेकवर लेख लिहावा असें त्यांत काय आहे, असें कोणी विचारील. ब्रेक लागला नाहीं म्हणजे त्याची चर्चा होते. लागला म्हणजे त्याची आठवण कोण ठेवतो? पण आमच्या घरच्या मोटारीचा ब्रेक लागत असे, आणि चांगला लागत असे. प्रश्न एवढाच होता कीं, तो कोणाच्या पायानें लागे आणि कोणाच्या पायानें लागत नसे. साठ वर्षें या एका गोष्टीनें ती मोटार घरांतील पुरुषांची करून ठेवली होती. तसें कोणी कधीं ठरविलें नव्हतें, बोलून तर मुळींच दाखविलें नव्हतें. पेडलच परस्पर निकाल देत असे.

मोटार मॉरिस मायनर, १९५५ सालच्या बांधणीची. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, वाईस डॉक्टर होते. आसपासच्या खेड्यांतील रोग्यांकडे जाण्याकरितां त्यांनीं ती १९५८ सालीं मुंबईहून आणली. माझा जन्महि त्याच वर्षींचा. त्यामुळें आम्हां दोघींचीं वयें घरांत बरोबरच मोजलीं जात. ८०३ घनसेंटिमीटरचें इवलेंसें एंजिन, मधोमध दुभंगलेली पुढची कांच आणि पाऊण टनाहून थोडें अधिक वजन. आजच्या लहान मोटारींच्या मानानेंहि हें वजन कमीच. परंतु तिला थांबविण्यास पायाखेरीज दुसरें कसलेंहि साहाय्य नव्हतें. तळाच्या पत्र्यांतून वर आलेलें पेडल, त्याच्या खालीं सांगाड्याच्या पट्टींत दडविलेला मास्टर सिलिंडर, तेथून चारी चाकांकडे गेलेल्या नळ्या, आणि चाकांतील ड्रम. पाय जेवढा जोर करील तेवढ्यावरच सारा कारभार.

अण्णा १९९७ सालीं गेले. मोटार पुण्यास दादाकडे गेली आणि त्यानें ती ममतेनें सांभाळली. गेल्या वर्षीं मात्र त्याची राहती इमारत पाडून नवी बांधावयाचें ठरलें, मोटार ठेवावयास जागा उरेना, आणि एका संग्राहकानें तिला बरी किंमत देऊं केली. मीं दादाला म्हटलें, "ती मला दे. मी वाईच्या घरीं ठेवीन आणि चालवीन." भौतिकशास्त्र शिकविण्यांत माझीं चौतीस वर्षें गेलीं, आतां नोकरी संपली असली तरी आठवड्यांतून दोन दिवस पांचगणीस शिकवावयास जाणें अजून चालू आहे. वाई आणि पांचगणी यांच्यामध्यें पसरणीचा घाट उभा आहे. दादाच्या डोळ्यांपुढें तोच घाट आला.

"अग, तुला तो ब्रेक दाबवणार नाहीं," तो म्हणाला. "पसरणी उतरतांना काय करशील?"

त्याच्या बोलण्यांत हेटाळणी नव्हती, काळजी होती. आणि काळजीला उत्तर देणें हेटाळणीला उत्तर देण्यापेक्षां फार कठीण असतें. अखेर त्यानेंच तोड काढली. दिवाळीपर्यंत त्या संग्राहकाला थांबवून ठेवावें; तोंवर मीं काय करावयाचें तें करावें; आणि मग त्याला शेजारीं बसवून पसरणी उतरून दाखवावी. उतरली तर मोटार माझी, न उतरली तर ती विकून आलेले पैसे दोघांनीं निम्मेनिम्म वांटून घ्यावे.

आमच्या आईनेंहि एकदां मोटार शिकण्याचा प्रयत्न केला होता. मी तेव्हां सहा वर्षांची होतें. कृष्णेपलीकडील एका मोकळ्या माळावर अण्णांनीं तिला चालकाच्या जागीं बसविलें. दादा आणि मी मागच्या बांकावर. आई उंचीनें जेमतेम चार फूट दहा इंच. पेडलवर पाय पोहोंचावा म्हणून ती बैठकीच्या अगदीं कडेवर पुढें सरकून बसली होती. गाडी सुरू झाली, बरी चाललीहि. पण "थांबव, थांबव" असें अण्णा म्हणूं लागले तेव्हां ती थांबेना. वेग असा नव्हताच. ती सावकाश, एखाद्या म्हातारीनें देवळाकडे जावें तशी, बाभळीच्या कुंपणाकडे गेली आणि त्याला अलगद टेंकून उभी राहिली. सारे हंसले. आईहि हंसली. घरीं आल्यावर अण्णांनीं आजीला सांगितलें, "तिच्या पायांत जोर नाहीं हो." निकाल लागला तो कायमचा. वाड्याच्या विहिरीचें पाणी रोज ओढणाऱ्या आणि भरलेली घागर घेऊन पायऱ्या चढणाऱ्या बाईच्या अंगांत जोर नाहीं, हा निष्कर्ष कोणालाहि विचित्र वाटला नाहीं. खुद्द तिलाहि नाहीं.

तो निष्कर्ष चुकीचा होता असें मला नुसतें वाटत होतें; तो कोठें चुकला तें आतां शोधावयाचें होतें.

मीं घरांतील वजनकांटा घेतला, भिंतीला लागून असलेल्या जड कपाटाला तो उभा टेंकविला, समोर खुर्ची मांडली आणि पेडल दाबावें तसा उजव्या पायानें तो दाबूं लागलें. खुर्चीच्या कडेवर पुढें सरकून, पाठीला आधार न घेतां बसलें असतांना कांटा चौदा किलोंवर जाई. अधिक जोर केला कीं मीच मागें सरके. मग खुर्ची भिंतीपर्यंत मागें नेतां येईना, म्हणून खुर्चीची पाठ आणि माझी पाठ यांच्यामध्यें दिवाणखान्यांतील लोड उभा केला, आणि खुर्चीच्या मागें शिसवी पेटी सरकविली. कांटा बत्तीस किलोंवर गेला. पाय तोच, वय तेंच, बाई तीच. न्यूटनचा तिसरा नियम मीं चौतीस वर्षें फळ्यावर लिहिला. पाय पेडलला जितका पुढें रेटतो तितकेंच पेडल आपणांस मागें रेटतें, आणि त्या रेट्याला पाठीमागें कांहीं अडवणारें नसेल तर पायांतला जोर पेडलपर्यंत पोहोंचतच नाहीं. आईच्या पायांत जोर होता. तिच्या पाठीमागें लोड नव्हता. ती मोटार पांच फूट आठ इंचांच्या पाठीच्या मापानें बेतलेली होती, आणि माप न जुळल्याचा दोष मोटारीऐवजीं तिच्या पायावर पडला होता.

दादा वाईस आला तेव्हां त्यालाहि त्या खुर्चींत बसविलें. बहात्तर वर्षांचा हा गृहस्थ छप्पन किलो दाबून, "बस ना?" असें विचारता झाला. तेव्हां माझें गणित सोपें झालें. पाठीला लोड घेऊन मला क्षणभर बत्तीस किलो दाबतां येतात, आणि न थकतां पुन्हां पुन्हां दाबावयाचे तर वीस. मोटारीला नेटानें थांबवावयास किती लागतात?

माझा एक जुना विद्यार्थी मोटारींच्या चांचण्या घेणाऱ्या एका संस्थेंत इंजिनियर आहे. त्यानें पेडलवर बसविण्याचा लहानसा दाबमापक आणून दिला. मोकळ्या रस्त्यावर दादानें गाडी चालवून ती जोरानें थांबविली. आंकडा आला अठ्ठेचाळीस. युरोपांतील आजच्या नियमांप्रमाणें मोटारीच्या ब्रेकची चांचणी घेतांना पेडलवर ५०० न्यूटनपेक्षां, म्हणजे सुमारें ५१ किलोंपेक्षां, अधिक जोर लावतां येत नाहीं. म्हणजे आमची मोटार कायद्यांत बसत होती. मी बसत नव्हतें.

यापुढचें काम पुण्यांतील एका वृद्ध मिस्त्रींचें. त्यांचा सारा जन्म जुन्या मॉरिस आणि अँबॅसडर गाड्यांखालीं उताणें पडण्यांत गेला आहे. पायाला साहाय्य करणारें एखादें यंत्र बसवावें, असें मीं सुचवितांच त्यांनीं हात जोडले. "ताई, गाडी आजारी आहे कीं मुळांतच अशक्त आहे तें आधीं पाहूं. आजाऱ्याला काठी देऊन काय उपयोग?"

डॉक्टरच्या मुलीला हें पटावयास वेळ लागला नाहीं. चारी ड्रम उघडले. आंत जें निघालें तें असें. पूर्वी लायनरमध्यें ॲस्बेस्टॉस असे. तो फुप्फुसांना घातक ठरल्यामुळें गेला तें योग्यच झालें. पण त्याच्या जागीं आमच्या गाडीवर कोणी तरी जड वाहनांच्या जातीचे कठीण लायनर लावले होते. असले लायनर थंड असतांना फारसे धरत नाहींत, त्यामुळें तितक्याच थांबण्यास अधिक दाब लागतो. शिवाय त्यांचा पृष्ठभाग कांचेसारखा चकचकीत झाला होता. ड्रम लेथवर दोनदां फिरविलेले, म्हणून त्यांचा व्यास वाढलेला. आणि शूची गोलाई मात्र जुन्याच व्यासाची, म्हणून शू मधल्या चार बोटांवरच टेंकत होता. पेडलचा सांधा गाडीच्या पोटाखालीं असल्यामुळें सत्तर पावसाळ्यांचा चिखल आणि गंज त्यांत बसला होता. पायाचा कांहीं जोर तेथेंच खर्ची पडे.

पण सर्वांत मोठी गोष्ट पुढच्या उजव्या चाकांत सांपडली. मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकांत दोन शू असतात आणि ते दोन्ही अशा रीतीनें बसविलेले असतात कीं, गाडी पुढें जात असतांना फिरता ड्रमच त्यांना आपल्याकडे ओढून घेतो. दाराखालीं सारलेली पाचर दार ढकलावें तशी अधिकच घट्ट बसते, तसला हा प्रकार. पायानें नुसती सुरुवात करावयाची, पुढचें काम गाडीची गतिच करते. गाडी मागें जातांना अर्थातच हा लाभ नाहीं. ज्यानें ही युक्ति प्रथम काढली त्याला मी मनोमन नमस्कार करतें. थांबविण्यासाठीं धांवण्याचाच उपयोग करून घेणें ही कल्पना काव्यांत शोभणारी आहे. आमच्या गाडींत मात्र या दोहोंपैकीं एका शूचा पिस्टन गंजून आंतल्या आंत अडकला होता. तो शू कित्येक वर्षें नुसता साक्षीदार म्हणून उभा होता, आणि त्याच्या वांट्याचें काम दादाचा पाय करीत होता.

पिस्टन बदलले, मऊ जातीचे लायनर बसविले, ते ड्रमच्या गोलाईप्रमाणें घासून घेतले, नळ्यांतील हवा काढली. मायनरमध्यें ब्रेकचें तेल घालावयाचें भोंक चालकाच्या पायाखालच्या जाजमाखालीं असतें. तें उघडावयाचें म्हणजे घरांतील पुरचुंडी काढल्यासारखें वाटतें. पुन्हां चांचणी घेतली. अठ्ठेचाळीसचे चौतीस झाले.

चौतीस! नवें यंत्र कांहींएक न लावतां चौदा किलो कमी झाले, याचा मिस्त्रींना झालेला आनंद मला पाहवेना. कारण माझी सीमा बत्तीस होती.

आतां राहिलेले उपाय दोन. एक तरफेचा किंवा तिच्या भावंडाचा: मास्टर सिलिंडरचा व्यास कमी करावयाचा. समजा, सात अष्टमांश इंचाच्या जागीं पाऊण इंचाचा सिलिंडर घातला, तर पास्कलच्या नियमाप्रमाणें तितक्याच पायाच्या जोरानें तेलावरचा दाब वाढतो आणि लागणारा जोर एक चतुर्थांशाहून थोडा अधिक कमी होतो. पण तेंच तेल ढकलण्यास पेडलला पूर्वीपेक्षां तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लांब जावें लागतें. निसर्गाच्या दुकानांत उधारी नाहीं. जोर वांचवावा तर अंतर मोजावें. मायनरचें पेडल आधींच तळाच्या जवळ जातें, आणि लायनर झिजले म्हणजे तें जमिनीला टेंकण्याची भीति. मिस्त्रींनीं मान हलविली. मींहि हलविली.

दुसरा उपाय बाहेरची मदत घेण्याचा. तो नवा नाहीं. १९१९ सालच्या हिस्पानो-सुइझा मोटारींत गाडीच्या गतीवरच चालणारा एक यांत्रिक मदतनीस होता. १९२४ पासून रोल्स-रॉइसनेंहि तोच मार्ग धरला. पुढें बेल्जियममधील अल्बेर दवांद्र यानें एंजिनच्या शोषणाचा उपयोग करणारें साधन काढलें, आणि आजच्या बहुतेक मोटारींतील मदतनीस त्याच वंशांतला आहे. एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या श्रीमंतांच्या मोटारी धट्टेकट्टे पगारी चालक हांकीत, त्यांना हें साहाय्य प्रथम मिळालें. आणि ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांत मोटार घरच्यांनींच चालवावयाची, तेथें बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना आपापल्या पायांवर सोडून दिलें.

या साधनाची रचना सोपी आहे. डबा एक, त्याच्या मध्यें पडदा. ॲक्सिलरेटर सोडला असतांना एंजिन हवा ओढूं पाहतें आणि तिला ती पुरेशी मिळत नाहीं. त्यामुळें तेथें जी अर्धवट पोकळी होते ती नळीनें या डब्यापर्यंत आणलेली असते. पेडल दाबलें कीं पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा आंत येते. सात इंच व्यासाच्या पडद्याचें क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच. दर चौरस इंचास दहा पौंडांचा फरक धरला तर त्यावर ३८५ पौंडांचा रेटा येतो. हा रेटा कोणाचा? आपण ज्या हवेंत श्वास घेतों तिचा. आयुष्यभर आपल्या डोक्यावर असलेलें वातावरण येथें एकदांचें पायाच्या बाजूनें उभें राहतें. एंजिन बंद असेल तर ही मदत मिळत नाहीं. पण ब्रेक जात नाहीं, पेडल फक्त पूर्वीसारखें जड होतें. म्हणूनच पेट्रोल वांचविण्यासाठीं एंजिन बंद करून घाट उतरण्याची अण्णांच्या पिढीची जी खोड होती ती या गाडीला वर्ज्य. डब्यांत सांठलेली पोकळी एकदोनदां दाबण्यापुरतीच असते.

जुन्या गाड्यांना बसेल असा मदतनीस इंग्लंडहून मागविला. दाब दुपटीहून किंचित् कमी वाढविणारा, म्हणजे लहानांतलाच घेतला. अधिक बळकट घेतला असता तर या अरुंद टायरांचीं चाकें रस्त्यावर घसरूं लागलीं असतीं.

याच सुमारास तो संग्राहक गाडी पाहावयास आला, आणि एंजिनशेजारचा तो काळा डबा पाहून फार हळहळला. गाडीचें मूळ स्वरूप बिघडलें, असें त्याचें म्हणणें. त्याच्या संग्रहांतील गाड्या मूळ स्वरूपांत आहेत हें खरें. त्या प्रदर्शनाला मालमोटारीवर चढून जातात हेंहि खरें. मला मात्र या गाडीचे जनक ॲलेक इसिगोनिस आठवत होते. १९४८ सालीं मायनर लोकांपुढें आली त्याच्या थोडें आधीं, नमुन्याची गाडी अरुंद दिसते म्हणून त्यांनीं ती उभी चिरली आणि दोन अर्धुकें चार इंच दूर सारून रुंदी पक्की केली. बंपर आधींच तयार झाले होते, म्हणून पहिल्या गाड्यांच्या बंपरांना मध्यें ठिगळ जोडावें लागलें. जिचें मूळ स्वरूपच असें कापून-जोडून सिद्ध झालें, तिला एका डब्याचें वावडें कां असावें? तरी पण मीं मिस्त्रींकडून जुन्या नळ्या जपून ठेवविल्या आहेत, आणि मूळ पत्र्याला कोठेंहि नवें भोंक पाडूं दिलें नाहीं. संग्राहकाची हळहळ मला अगदींच अनाठायीं वाटत नाहीं. तिला मान द्यावा, निकाल देऊं देऊं नये, एवढेंच.

दाबमापकावर आतां आंकडा आला अठरा.

दिवाळीच्या आधींच्या रविवारीं दादा आणि मी पांचगणीहून निघालों. माझ्या पाठीशीं बैठकीच्या मापाचा शिवून घेतलेला छोटा लोड होता. निघण्यापूर्वी मिस्त्रींनीं शिकविलेली परीक्षा केली: एंजिन बंद ठेवून पेडल चारपांच वेळां दाबलें, मग तें दाबून धरूनच एंजिन सुरू केलें. पेडल पायाखालीं किंचित् खालीं गेलें. म्हणजे मदतनीस जागा झाला. पांचगणीची उंची सुमारें तेराशें मीटर; तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें सातव्या हिश्श्यानें कमी, म्हणजे मदतहि तितकी कमीच. हें मीं दादाला सांगितलें. न सांगतें तर बरें झालें असतें, असें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें.

दुसऱ्या गिअरमध्यें उतरूं लागलों. हलकें पेडल म्हणजे बळकट ब्रेक नव्हे हें मला ठाऊक होतें. ड्रम तेच सात इंचांचे, आणि सारखे दाबून तापविले तर हवेचा कितीहि रेटा असला तरी लायनर धरावयाचे नाहींत. तेव्हां उतरण्याचें मुख्य काम एंजिनवर सोंपवून वळणाच्या तोंडीं तेवढें पेडल दाबीत होतें. खालीं धोम धरणाचें पाणी चमकत होतें. निम्म्या वाटेवर एका वळणाआडून एस. टी. अचानक आमच्या बाजूला येऊन वर निघाली. मीं पेडल दाबलें. गाडी सरळ रेषेंत, न घसरतां, कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. एस. टी. गेली. चालकानें हात वर केला.

दादा कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें त्यानें आपली उजवी पोटरी चोळावयास सुरुवात केली. त्याच्या पुढच्या तळपत्र्यावर पेडल नाहीं, तरी त्यानें तो साऱ्या घाटभर दाबून धरला होता.

"तुझ्या बाजूलाहि एक डबा बसवून घ्यावा लागेल," मीं म्हटलें.

"आधीं मला तो लोड दे," दादा म्हणाला.

वाईंत उतरल्यावर त्यानें कागदपत्रांची पिशवी माझ्या हातीं दिली आणि संग्राहकाला फोन करावयास तो ओसरीवर गेला. मिस्त्रींनीं सांगून ठेवलें आहे कीं, पहिल्या पांचशें मैलांत लायनर ड्रमशीं बसतील, तेव्हां चारी चाकांचे ब्रेक पुन्हां एकदां जुळवून घ्यावे. आजपर्यंत तीनशें दहा मैल झाले आहेत.